आर्द्रात लावलेलं अंगण

सोलापूर रस्त्यानं हडपसर, लोणी काळभोर मागे टाकलं की सोरतापवाडीच्या आसपास दोन्ही अंगांना रोपवाटिका सुरू होतात. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा, कडेला उभे छोटे टेम्पो आणि ओल्या गोणपाटाखाली गुंडाळून ठेवलेल्या लॉनच्या गाद्या. मी गेले तेव्हा अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. एका टेम्पोत गाद्यांचे थर चढत होते आणि गाडीवाल्याला घाई होती, कारण गुंडाळलेलं गवत उन्हात राहिलं की आतून तापतं आणि पिवळं पडतं. माल दौंडकडच्या एका नव्या बंगल्यावर जायचा होता. परवा वास्तुशांत होती, म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत अंगण हिरवं दिसायला हवं होतं.

संपादकांनी ‘अंगण’ हा विषय दिला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली ती पुण्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभी राहिलेली घरं. भोवती पाचशे-हजार चौरस फूट मोकळी जमीन, दिवसभर ऊन, बोअरला जेमतेम पाणी. या जमिनीवर काय लावायचं, हे विचारायला माणसं नर्सरीत येतात आणि गादी घेऊन जातात. पुढच्या उन्हाळ्यानंतर त्यातली बरीचशी पुन्हा येतात. गाद्या मोजून देणाऱ्या ताई म्हणाल्या, “पाणी किती लागंल हे न्यायच्या आधी कुणी इचारत न्हाई. जळाल्यावर फोन करून इचारतात.”

कमी पाण्यावर तगणाऱ्या, जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतींची आपल्याकडे वाण नाही. नर्सरीत आहेत, कालव्याच्या काठी आहेत, माळावर तर आहेतच. मग अंगणं दर उन्हाळ्यात का जळतात? मी हिंडत राहिले तसं मला उत्तर वनस्पतीच्या निवडीपेक्षा लावायच्या तारखेत जास्त दिसायला लागलं. घर मुहूर्तावर होतं, ताबा बिल्डरच्या सोयीनं मिळतो, आणि बाग त्याच आठवड्यात लावली जाते. तो आठवडा बहुतेक वेळा वैशाखातला असतो.

हजार चौरस फुटांचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की बागेचा हिशेब कागदाच्या कपट्यावर होतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या कोरड्या पट्ट्यात हिरवं ठेवलेलं लॉन दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडवतं. काही पानांवाटे, काही मातीवाटे. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. म्हणजे रोजचं साडेचारशे लिटरच्या वर पाणी. शहराची पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्या मापानं तीन माणसांहून अधिक पाणी एकटं अंगण पितं. दहा हजार लिटरचा टँकर या अंगणाला तीन आठवडे पुरतो, आणि मार्च ते जून हे तीन आठवडे पाच वेळा येतात.

दुसऱ्या बाजूला आभाळातून येणारं पाणी बघावं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून सरळ पूर्वेला, काही तासांच्या अंतरावर, फलटण-बारामतीकडे तो पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. तोही सलग पडत नाही. मृगात-आर्द्रात थोडा येतो, मग जुलै-ऑगस्टमध्ये मोठा खंड पडतो, नुसता वारा आणि ढग. खरा भरवशाचा पाऊस उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या शेतकऱ्याची रब्बी ज्वारी याच पावसावर उभी असते. बंगल्याच्या बागेनं मात्र हे वेळापत्रक कधी विचारात घेतलेलं नसतं.

मग सगळीकडे फरशी टाकून मोकळं व्हावं, असंही बरेच जण करतात. फरशी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि पावसाचं पाणी गटारात जातं. वर्षाला पाचशे मिलिमीटर पडणाऱ्या गावात ते घालवणं परवडणारं नाही. जमीन नुसती उघडी ठेवावी, तर मे महिन्याच्या दुपारी काळ्या मातीचा पृष्ठभाग ५५-६० अंशांपर्यंत तापतो, वरच्या बोटभर थरातले जीव मरतात, वावटळीबरोबर माती घरात येते. आणि पहिल्या पावसाबरोबर त्या उघड्या जागेत गाजरगवत उभं राहतं. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण देशभर पसरलं ते अशाच मोकळ्या, हललेल्या जमिनींवरून. जमीन झाकलेली असेल तर त्याच्या बियांना उजेडच मिळत नाही. माझ्या मते झाकणाऱ्या वनस्पतीचा हा सगळ्यात मोठा उपयोग आहे. ती दिसते छान, हे त्यानंतर येतं.

लाभक्षेत्राच्या वरची वस्ती

नीरा उजवा कालवा फलटण तालुक्यातून जातो. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला बाजरी आणि मटकी, असं चित्र अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसतं. मी ज्यांचं अंगण बघायला गेले त्यांचं घर वरच्या अंगाला आहे. काका-काकू दोघंही शाळेतून निवृत्त झालेले. घरापुढे सहाशे चौरस फुटांची जागा, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत ऊन, एकही मोठं झाड नाही. मे महिन्यातल्या दुपारी फाटकातून आत आले तर जमीन फिकट, राखाडी हिरवी होती. जवळ बसून पाहिलं तेव्हा पानं दिसली: नखाएवढी, टोकाकडे करवती कातरलेली, काहींच्या कडा जांभळट झालेल्या. देठ जमिनीला इतके चिकटलेले की बोटानं उचलायला गेलं तर दर दोन इंचांवर एक मूळ ओढ देत होतं. मधूनच बोराच्या बीएवढा गडद बोंडूक आणि त्याच्याभोवती पांढऱ्या-गुलाबी इवल्या फुलांचं एकच कडं.

ही जलपिंपळी. वनस्पतिशास्त्रात फायला नोडिफ्लोरा, जुन्या पुस्तकांत लिपिया. काकूंनी ती विकत आणली नव्हती. कालव्याच्या पाझराजवळ, धुण्याच्या दगडाच्या बाजूला ती वर्षानुवर्षं होती. बागेचं काम बघणाऱ्या मामांनी ती दाखवली.

या अंगणाची सुरुवातही लॉनच्या गादीनंच झाली होती. वास्तुशांतीला लावलेली गादी दुसऱ्या उन्हाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यानं गेली. नंतर मामांनी खणून बघितलं तर खाली चार बोटं लाल माती आणि त्याच्या खाली बांधकामाचा भराव: विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, मुरूम. मुळं त्या चार बोटांतच फिरत राहिली होती. रोज संध्याकाळी पाइपानं पाणी मारल्यामुळे त्यांना खाली जायची गरजही पडली नव्हती. वरचा थर एक दिवस कोरडा पडला की सगळं गवत एकदम सुकायचं.

मामांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी की आता पावसाळ्यापर्यंत काही लावायचं नाही. चैत्रात त्यांनी भराव वीत-दीड वीत खणून काढला. मुरूम राहू दिला, कारण मुरमात पाणी तुंबत नाही. लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचल्या, कारण एक गाठ राहिली तरी तिच्यातून दहा उगवतात. खणलेली जमीन पूर्ण वैशाख उन्हात तापत ठेवली. मग शेताच्या बांधावरची पोयटा माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून, घराकडून फाटकाकडे हलका उतार देऊन ती सारखी केली. काकूंना ते दोन महिने नको झाले होते. पाहुणे आले की उघडी जमीन बघून विचारायचे, आणि सून फोनवर विचारायची, “आई, अजून अंगण तसंच?”

मृगाचा पाऊस होऊन गेला, आर्द्रा लागलं, आणि जमीन वाफशावर आली. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारली तर फुटावा, इतकीच ओल. त्या सकाळी मामा गोणपाटात बांधून जलपिंपळीचे वेल घेऊन आले. दोन-तीन पेरांचे तुकडे केले, पानं शेंड्याला दोनच ठेवली, एक पेर मातीत आणि एक वर अशा बेतानं वीत-वीत अंतरावर आडवे लावले आणि प्रत्येक तुकडा टाचेनं दाबला. दाबणं महत्त्वाचं, कारण पेराला माती चिकटली नाही तर मूळ हवेत फुटतं आणि वाळतं. “जोर पानात न्हाई, ताई. पेरात असतो,” मामा म्हणाले.

पुढचे दोन महिने हेच खरं काम होतं. जुलैत पाऊस गेला तेव्हा आठवड्यातून दोनदा पाणी द्यावं लागलं. दर आठ दिवसांनी काकू खुरपं घेऊन बसायच्या, कारण वेल मिळेपर्यंत मधल्या मोकळ्या जागेत सगळ्या जगाचं तण उगवतं. रिकाम्या पट्ट्यांवर उसाचं पाचट पसरलं होतं, त्यानं काम निम्मं झालं. गौरी-गणपतीच्या सुमारास वेल एकमेकांना भिडले. हस्ताच्या पावसानं मुळं खाली उतरली आणि हिवाळाभर उतरत राहिली. पहिला उन्हाळा आला तेव्हा त्या वेलीच्या हाताशी आठ महिने होते. वैशाखात लावलेल्या गादीला एक दिवसही मिळत नाही.

आता उन्हाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी पाणी देतात, पण ते खोल मुरेपर्यंत देतात. मामा एक सळई खुपसून बघतात; वीतभर सहज गेली तर पाणी पुरे. या सहाशे फुटांना एका वेळेला साधारण हजार-अकराशे लिटर लागतं. रोज तेवढ्याच जागेवर लॉन हिरवं ठेवायचं तर चार दिवसांत हे पाणी संपलं असतं. रोज थोडं आणि दहा दिवसांनी भरपूर, यांतला फरक मुळांना लगेच कळतो. वर ओल मिळत राहिली की ती वरच राहतात.

तळ्याकाठची वेल दुष्काळात कशी तगते

पाझराजवळ, ओढ्याच्या काठी, तळ्याच्या घाटावर वाढणारी ही वेल कोरड्या अंगणात कशी राहते, हे मलाही आधी कोडंच वाटलं. उत्तर त्या काठांच्या स्वभावातच आहे. आपल्याकडचा गावतळ्याचा काठ पावसाळ्यात गुडघाभर पाण्याखाली असतो आणि एप्रिलमध्ये त्याला भेगा पडतात. तिथे टिकायचं तर दोन्ही सोसता यायला हवं. जलपिंपळी पाणी असेल तेव्हा भराभर पसरते आणि पेरोपेरी मुळं सोडून ठेवते. पाणी हटलं की जुनी मुळं ओलीचा माग काढत खाली जातात, वर पानं लहान होतात, वाढ थांबते. पानांवर पृष्ठभागाला समांतर दबलेले बारीक केस असतात. भिंगातून ते स्पष्ट दिसतात आणि उन्हाळ्यातला तो राखाडी रंग त्यांचाच. ऊन परतवायला आणि पानालगतची हवा स्थिर ठेवायला त्यांचा उपयोग होतो.

जपानमध्ये उत्सुनोमिया विद्यापीठातल्या संशोधनातून या वेलीच्या निवडक वाणाला कुरापिया नावानं बाजारात आणलं गेलं आणि कॅलिफोर्नियाच्या दुष्काळी वर्षांत लॉनऐवजी ती लावली गेली. आपल्या कालव्याकाठी ती फुकट उगवते, म्हणून बहुधा नर्सरीवाल्यांना तिच्यात रस नाही. सोरतापवाडीत मी चार ठिकाणी विचारलं तर एकानंच ओळखली, तीही आजीच्या औषधातली म्हणून.

तिच्या अडचणी सांगायलाच हव्यात. पहिली अडचण मधमाश्यांची. फुलं आली की सकाळी अंगणभर फुलोरी माश्या असतात. माश्या येणं ही आनंदाचीच गोष्ट, पण नातवंडं अनवाणी खेळतात. काकू सुट्टीत मुलं यायच्या आधी विळ्यानं फुलं छाटून घेतात आणि ती गेली की पुन्हा फुलू देतात. दुसरी, ती हद्द पाळत नाही. भाजीच्या वाफ्याच्या बाजूला मामांनी उभ्या विटा वीतभर खोल गाडल्यात, तरी महिन्यातून एकदा कडेनं फिरावं लागतं. तिची दक्षिण अमेरिकेतली सख्खी बहीण, फायला कॅनेसेन्स, ऑस्ट्रेलियात शोभेसाठी नेली गेली आणि मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांवर इतकी पसरली की तिथली गुरांची कुरणं तिनं खाल्ली. आपली जलपिंपळी इथलीच आहे, तिला खाणारे-रोखणारे इथे आहेत, तरी ज्यांच्या अंगणाला लागून ओढा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तिसरी अडचण सापांची भीती. फलटणच्या माळाला फुरसं आहे, घोणस आहे, आणि घराभोवती जमीन झाकायची म्हटलं की पहिला विरोध याच मुद्द्यावर होतो. तो विरोध बाजूला सारण्यासारखा नाही. जुन्या घरांची अंगणं उघडी आणि सारवलेली ठेवायचे त्यामागे धान्य वाळवण्याइतकंच हेही कारण होतं. काकूंच्या अंगणात वेल चार बोटांवर जाऊ देत नाहीत, भिंतीलगत तीन फूट फरशीची पट्टी मोकळी आहे, आणि दगड-विटांचा ढीग कुठेही साठू देत नाहीत. एवढं पाळलं की वेलीत लपायला जागा राहत नाही.

हरळीचं काय करायचं

वस्तीतल्या एका शेतकऱ्याला विचारलं की अंगणात मुद्दाम हरळी लावली तर? तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या वडिलांचं आणि त्याचं निम्मं आयुष्य हरळी काढण्यात गेलेलं. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, खालच्या काशा उलथून वर आणायच्या, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवायच्या, वेचून जाळायच्या. तरी आषाढात ती बांधावरून परत येते. गणपतीच्या एकवीस दूर्वा तो याच शत्रूच्या शेंड्यांतून खुडतो.

शेतात जे नकोसं वाटतं तेच उन्हाच्या अंगणात हवं असतं. हरळी जमिनीवरून धावणारे आणि जमिनीखालून जाणारे, असे दोन्ही प्रकारचे देठ वाढवते. तीव्र उन्हात आणि तापमानात कमी पाण्यात अन्न तयार करायची सी-फोर पद्धत तिच्याकडे आहे. मका, ऊस, ज्वारी यांच्याकडे असते तीच. पाणी संपलं की वरची पानं वाळू देते आणि जमिनीखालच्या काशांत जीव धरून बसते. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळणारं लॉन याच कुळातलं, निवडून घेतलेलं बारीक पानाचं. ते जळतं त्याचा दोष गवताकडे क्वचितच जातो. चार बोटं माती, रोजचं वरवरचं पाणी आणि बारमाही हिरव्याचा हट्ट, या तिन्हींनी ते मरतं. सावलीत मात्र हरळी खरोखरच टिकत नाही. आंब्याखाली ती लावणं म्हणजे पैसे घालवणं.

माझं मत विचाराल तर मार्च ते जून अंगण पिवळं राहिलेलं ज्याला चालतं, त्यानं हरळीच लावावी आणि त्या काळात पाणी बंद ठेवावं. पहिल्या वळवाला ती आठवडाभरात हिरवी होते. बारमाही हिरवं हवं असेल तर त्याची किंमत वरच्या हिशेबात आहे.

नर्सरीतले बाकीचे पर्याय मी बघितले. जांभळी सेटक्रेशिया आणि बुटका रिओ उन्हाला चिवट आहेत, पण त्यांच्यावरून चालता येत नाही. वेडेलिया सर्वांत स्वस्त आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर सगळीकडे दिसते: चकचकीत पानं, पिवळी फुलं, पंधरा दिवसांत झाकण. मी ती कुणाला सुचवणार नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वेल जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. शिवाय तिला पाणी आवडतं. अंगणातून फेकलेला तुकडा नाल्यात रुजला की तो पुढे काठ धरून जात राहतो.

रात्री श्वास घेणारी घोळ

दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना, जिथे मातीच नाही म्हणावी इतकी उथळ जागा होती, तिथे काकूंनी चिनी गुलाब लावलाय. ऑफिस टाइम म्हणून आपण ओळखतो तोच. सकाळी ऊन चढलं की फुलतो, दुपार कलली की मिटतो, ढगाळ दिवशी उघडतच नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याची इथली बहीण म्हणजे आपण भाजी करतो ती घोळ. दोघींच्या मांसल पानांत पाणी साठवलेलं असतं, आणि घोळीची गंमत त्याहून खोल आहे. ओल असेल तोवर ती हरळीसारख्याच सी-फोर पद्धतीनं चालते. कोरड पडली की ती निवडुंगांची रीत सुरू करते: दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवायची, रात्री हवा गार झाली की उघडून कार्बन डायॉक्साइड घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी वापरायचा. या दोन्ही पद्धती तिच्या त्याच पेशींत एकमेकींत गुंतून चालतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं. दुष्काळी वर्षात बांधावर बाकी सगळं वाळल्यावर घोळ का मिळते, याचं हे उत्तर आहे.

या दोघींना काळ्या मातीत मात्र लावू नये. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. सप्टेंबरच्या झडीत चिनी गुलाबाचे देठ तळाशी सडून जातात. मुरूम आणि जाड वाळू निम्मी मिसळलेली, थोडी उंचावलेली जागा द्यावी. जुनी झुडपं मधून बोडकी होतात, तेव्हा शेंडे खुडून तिथेच खोचायचे. घोळीच्या बीकोशाचं वरचं टोपण आपोआप निघतं आणि आतल्या काळ्या, खसखशीहून बारीक बिया ओघळतात. एकदा आलेली घोळ पुढे दर वर्षी येते. काकू ती उपटतात आणि मुगाची डाळ घालून भाजी करतात.

माळावर

श्रावण संपत आला तेव्हा सुप्याला गेले. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य केवळ ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. बहुतेक माणसं हरणं बघायला येतात. मी खाली बघत चालले होते.

माळ म्हणजे नुसतं गवत, अशी समजूत दुरून बघणाऱ्याची होते. पवन्या आणि कुसळीच्या झुबक्यांच्या मधल्या उथळ मुरमात विष्णुक्रांता पसरली होती. तारेसारख्या बारीक देठांवर रेशमी केसांची पानं आणि सकाळच्या उन्हात उघडलेली, शर्टाच्या गुंडीहून लहान निळी फुलं. शेजारी भुईगुळी, निळीच्या कुळातली, जमिनीशी इतकी सपाट की तिच्यावरून शेळ्या गेल्या तरी काही बिघडत नाही. शेंगवर्गातली असल्यानं हवेतला नत्र मुळांच्या गाठींतून जमिनीला देते. या जमिनीला कधी कुणी पाणी दिलेलं नाही. तिथली माती हातभरसुद्धा खोल नाही, खाली सरळ खडक. तरीही उघडी जागा शोधावी लागत होती.

नर्सरीत ब्लू डेझ नावानं मिळणारं निळ्या फुलांचं झुडूप विष्णुक्रांतेचंच दक्षिण अमेरिकी भावंड. ते मोठं फुलतं, उन्हात छान राहतं, पाणी बेताचं मागतं. पुण्यातल्या गच्च्यांवर मी ते वर्षानुवर्षं तगलेलं बघितलंय. विष्णुक्रांता फुलते कमी, आणि पौषानंतर जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून नर्सरीवाला ती ठेवत नाही. पण जिथे माती नाही, पाणी नाही आणि कुणी रोज लक्ष घालणारंही नाही, अशा फाटकाबाहेरच्या मुरमाच्या पट्टीवर मला तीच हवी वाटते. अभयारण्यातून काही उचलणं कायद्यानं गुन्हा आहे आणि तसं करूही नये. विष्णुक्रांता गावोगावच्या पडिक माळांवर, रस्त्याच्या कडेला असते. तिला सोटमूळ असल्यानं उपटून लावली तर जगत नाही. बीच गोळा करावं लागतं.

दिवाळीनंतर

हा अंक हातात पडेल तेव्हा चित्रा-स्वाती नक्षत्रं असतील आणि पाऊस परतलेला असेल. आता नवीन वेल लावू नये. थंडीत वाढ मंदावते आणि उन्हाळ्यापर्यंत मुळं पुरेशी खोल जात नाहीत. हे दिवस बी गोळा करायचे. विष्णुक्रांतेची बोंडं कार्तिकात वाळतात. दुपारी, दव उडून गेल्यावर, कागदाच्या पुडीत झाडून घ्यायची आणि वर गावाचं नाव आणि तारीख लिहायची.

माघ-फाल्गुनात जमीन खणून भराव काढावा. चैत्रात ती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकनं महिना-दीड महिना घट्ट झाकली तर वरच्या थरातलं तणाचं बरंचसं बी भाजून निघतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी त्यातूनही वाचतात, त्या हातानंच काढाव्या लागतात. ज्यांची वास्तुशांत याच दिवसांत आहे त्यांनी अंगणात रांगोळीपुरती जागा सारवून घ्यावी आणि बाकीची पाचटानं झाकावी. पाहुण्यांना आर्द्रा लागल्यावर पुन्हा बोलवावं.

काकूंच्या अंगणातून आत्तापर्यंत वस्तीतल्या दोन घरांनी जलपिंपळी नेली आहे. एक फूट चौरस तुकड्यातून कांड्या काढल्या तर कितीतरी जागा लावून होते, आणि कापलेली जागा श्रावणापर्यंत भरून येते. मृग होऊन गेल्यावर सकाळी लवकर यायचं, असं मामांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. “येताना ओलं गोणपाट आणा, प्लॅस्टिकची पिशवी नको. पिशवीत घाम येऊन पेरं सडत्यात.”